विश्लेषण : कबरीसाठी जागा ‘विकत’ घेता येते का? पैसे भरण्याआधी काय तपासावे?

दरवर्षी २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, सदरमधली ख्रिस्ती कुटुंबे दफनभूमीत जातात. कबरीवर वाढलेले गवत काढतात, दगड पुसतात, झेंडूची फुले ठेवतात, मेणबत्त्या लावतात. परतताना घरातले कोणी ज्येष्ठ हमखास म्हणतात, ‘‘माझ्यासाठीही इथेच जागा बघून ठेवा रे.’’ मुले ‘‘असे काय बोलता’’ म्हणून विषय बदलतात आणि तो थेट पुढच्या नोव्हेंबरपर्यंत निघत नाही. पण जागा ‘बघून ठेवणे’ म्हणजे नेमके काय? ती विकत मिळते का? पैसे भरल्यावर ती कायमची आपली होते का? घरात शांतता असताना, घाई नसताना ज्यांची उत्तरे शोधायला हवीत, असे हे प्रश्न आहेत.

सदरमध्ये हा प्रश्न का महत्त्वाचा?

सदर ही इंग्रजांच्या काळात सिव्हिल लाइन्सला लागून वाढलेली वस्ती. ऑल सेंट्स कॅथेड्रल आणि सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रल ही नागपूरची दोन प्रमुख चर्च याच परिसरात आहेत. कॅथोलिक चर्चचा नागपूर धर्मप्रांत १८८७ मध्ये स्थापन झाला आणि १९५३ मध्ये त्याला महाधर्मप्रांताचा दर्जा मिळाला. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया म्हणजे सीएनआय हे एकत्रित चर्च तर २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच अस्तित्वात आले. तीन-चार पिढ्या इथेच राहिलेली कुटुंबे म्हणूनच सदर, मोहननगर, मंगळवारी भागात मोठ्या संख्येने दिसतात.

दफनभूमी मात्र जुन्या काळच्या लोकसंख्येच्या हिशेबाने आखल्या गेल्या. जरिपटक्यासारखा भाग तेव्हा शहराच्या कडेला होता. आज चारही बाजूंनी घरे आली आहेत आणि दफनभूमीची भिंत पुढे सरकायला जागाच नाही. हा प्रश्न केवळ ख्रिस्ती समाजाचा नाही. मुस्लिमांसह लिंगायत, महानुभाव, गोसावी आणि अनेक आदिवासी कुटुंबांतही दफनाची रीत आहे. दहन करणाऱ्या कुटुंबांतही लहान मूल दगावले तर बहुधा दफनच केले जाते.

कबरीची जागा विकत मिळते का?

बहुतेक वेळा नाही. बोलताना आपण ‘जागा घेतली’ म्हणतो, पण चर्चच्या किंवा महापालिकेच्या दफनभूमीत पैसे भरल्यावर मिळतो तो त्या ठिकाणी दफन करण्याचा हक्क. जमिनीची मालकी ट्रस्टची, धर्मप्रांताची किंवा महापालिकेचीच राहते. खरेदीखत होत नाही, आखीव पत्रिकेवर आपले नाव चढत नाही आणि ही जागा पुढे तिसऱ्याला विकताही येत नाही.

कब्रस्तानाची जमीन वक्फ असेल तर तिची विक्री कायद्यानेच निषिद्ध आहे. तिथे घेतला जाणारा पैसा खोदाई, देखभाल किंवा देणगी म्हणून असतो, जमिनीची किंमत म्हणून नव्हे.

त्यामुळे दर किती, हे विचारण्याआधी ‘मला नेमका कोणता हक्क मिळतो आहे आणि तो कशावर लिहिलेला आहे’ हे विचारावे. पावतीवर फक्त ‘देणगी’ असे लिहिले असेल, तर त्या पावतीच्या आधारे उद्या विशिष्ट कबर मागणे अवघड जाईल. पावतीवर किंवा सोबतच्या पत्रावर कबर क्रमांक, रांग, मोजमाप, हक्काची मुदत आणि हक्कदारांची नावे हवीत. तीच नोंद दफनभूमीच्या नोंदवहीतही आहे का, हे समोर बसून पाहावे. पावती घरात हरवू शकते. नोंदवहीतली ओळ उरते.

कोणी ‘प्लॉट’ म्हणून विकत असेल तर?

एखादी संस्था किंवा मध्यस्थ शहराबाहेर दफनासाठी प्लॉट देतो म्हणत असेल, तर नेहमीच्या जमीन खरेदीपेक्षा जास्त काळजी घ्यावी. किमान चार गोष्टी पाहाव्यात.

• जमिनीची आखीव पत्रिका किंवा सातबारा कोणाच्या नावावर आहे?

• विकास आराखड्यात ती जागा दफनभूमी म्हणून दाखवली आहे का? महापालिकेची किंवा संबंधित प्राधिकरणाची परवानगी आहे का?

• जमीन सार्वजनिक न्यासाची असेल, तर धर्मादाय कार्यालयातील परिशिष्ट १ मध्ये तिची नोंद आहे का आणि विश्वस्त म्हणून कोणाची नावे आहेत?

• विक्री किंवा दीर्घ भाडेपट्टा दाखवला जात असेल, तर धर्मादाय आयुक्तांची मंजुरी आहे का? महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ नुसार न्यासाची स्थावर मालमत्ता विकण्यासाठी ही मंजुरी लागते. बिगरशेती जमीन तीन वर्षांपेक्षा जास्त काळासाठी भाडेपट्ट्याने देण्यासाठीही ती आवश्यक असते.

‘‘९९ वर्षांचा करार करून देतो’’ असे कोणी म्हणाले, तर हा मंजुरीचा कागद मागावा. तो नसेल तर करार कितीही जाड स्टॅम्प पेपरवर असला, तरी त्याला आधार नाही.

आपल्याच शेतात किंवा आवारात दफन करता येते का?

जमीन स्वतःची आहे म्हणून तिथे दफन करण्याची आपोआप मुभा मिळत नाही. दफनभूमी हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यांच्या अखत्यारीतला विषय आहे. बाराव्या अनुसूचीत तो नगरपालिका आणि महापालिकांच्या कामांतही येतो. शहरात नेमून दिलेल्या जागेबाहेर दफन करायचे तर महापालिकेची परवानगी हवी.

या मुद्द्यावर छत्तीसगडच्या बस्तरमधले एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. गावात दफनाला विरोध झाल्याने एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाचा मृतदेह ७ जानेवारी २०२५ पासून शवागारातच होता. २७ जानेवारीला दोन न्यायमूर्तींचे मतभेदाचे निकाल आले. न्या. बी. व्ही. नागरत्ना यांनी कुटुंबाच्या खासगी शेतजमिनीत दफनाला मुभा द्यावी असे म्हटले. न्या. सतीशचंद्र शर्मा यांच्या मते दफन नेमलेल्या जागीच व्हायला हवे. मृतदेह आणखी ताटकळू नये म्हणून प्रकरण मोठ्या पीठाकडे न पाठवता, दुसऱ्या गावातील ख्रिस्ती दफनभूमीत दफन करण्याचा आदेश दोघांनी मिळून दिला. ख्रिस्ती समाजासाठी दफनाच्या जागा राज्याने दोन महिन्यांत निश्चित कराव्यात, असेही न्या. नागरत्ना यांनी आपल्या निकालात म्हटले.

त्याआधी, करोनाच्या काळात, वांद्र्यातील कब्रस्तानांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये स्पष्ट केले होते की, सन्मानाने अंत्यविधी होणे हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. म्हणजे सन्मानाने दफन होण्याचा हक्क आहे. तो हव्या त्या जागी दफन करण्याचा हक्क मात्र नाही. या दोन्हींतला फरक ध्यानात ठेवला, तर ऐन वेळचे अनेक वाद टळतात.

कच्ची, पक्की की कौटुंबिक कबर?

दफनभूमीत साधारणपणे तीन प्रकारचे हक्क दिसतात.

कच्ची कबर : मातीची कबर, वर क्रूस किंवा छोटा नामफलक. ठरावीक काळानंतर ती पुन्हा वापरली जाऊ शकते. खर्च सर्वांत कमी.

पक्की कबर : विटा, सिमेंट, फरशी किंवा ग्रॅनाइटचे बांधकाम असलेली. ही ‘कायमची’ समजली जाते; पण त्या कायमचीची मुदत नियमांत किती वर्षे लिहिली आहे, हे विचारावे. मुदत संपल्यावर नूतनीकरण आहे का आणि कुटुंबाकडून कोणी आलेच नाही तर काय होते, हेही विचारावे.

कौटुंबिक कबर : एकाच जागी कुटुंबातील एकापेक्षा जास्त जणांना दफन करता येते. काही ठिकाणी ती जास्त खोल खोदून दोन थरांची केली जाते. काही ठिकाणी पुरेसा काळ गेल्यावर आधीचे अवशेष कापडात बांधून त्याच कबरीत खाली ठेवले जातात.

जागेची चणचण असलेल्या मुंबईत अनेक चर्चनी यातून वाट काढली आहे. काही वर्षांनी अस्थी काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवायच्या, त्यावर नामफलक लावायचा आणि कबर पुढच्या दफनासाठी मोकळी करायची. गोव्यातही ही पद्धत परिचित आहे. आजोबांची कबर ‘उघडली’ हे ऐकून नागपूरच्या माणसाला धक्का बसतो. नियम आधी माहीत असेल तर तो बसत नाही. म्हणून ‘ही कबर पुन्हा उघडली जाईल का आणि उघडण्याआधी आम्हाला कळवले जाईल का’ हा प्रश्न संकोच न करता विचारावा.

प्रत्येकाने पक्की कबर घेतली तर काय होईल?

हा हिशेब कोणीही करू शकतो. एक कबर आणि तिच्या भोवतीची पाय ठेवण्यापुरती जागा मिळून ८ फूट बाय ४ फूट, म्हणजे ३२ चौरस फूट धरू. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. त्यातला निम्मा भाग रस्ता, झाडे, प्रार्थनेची जागा आणि भिंतीलगतच्या मोकळ्या पट्ट्यात गेला, तर उरलेल्या जागेत सुमारे ६८० कबरी बसतात.

समजा, त्या दफनभूमीत वर्षाला २० जणांचे दफन होते. प्रत्येक कबर पक्की आणि कायमची असेल तर ३४ वर्षांत जागा संपली. हयातीतच आगाऊ जागा राखणाऱ्यांची संख्या वाढली तर त्याही आधी. तीच जमीन १५ वर्षांनी पुन्हा वापरली गेली, तर कोणत्याही वेळी साधारण ३०० कबरी पुरतात आणि जागा कधीच संपत नाही.

म्हणजे कबरीच्या जागेचा निर्णय वाटतो तेवढा खासगी नाही. आज आपण राखून ठेवलेले ३२ चौरस फूट उद्या शेजारच्या बाकावर बसणाऱ्या कुटुंबाला मिळणार नसतात. काही व्यवस्थापन समित्या आगाऊ नोंदणी देत नाहीत किंवा फक्त मृताच्या जोडीदारासाठी देतात, त्यामागे हेच कारण असते. ‘‘आम्ही पैसे द्यायला तयार आहोत, मग अडचण काय?’’ या प्रश्नाचे उत्तर त्या ६८० च्या आकड्यात आहे.

जागा बघताना काय बघायचे?

शक्य असेल तर जागा पावसाळ्यात, ऑगस्टमध्ये बघावी. नागपूरच्या बऱ्याच भागांतली काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. अशा मातीवर पाया न घेता बांधलेली पक्की कबर काही वर्षांत कलते, फरशी उचकटते. दफनानंतर माती बसायला वेळ लागतो. म्हणून घाईने लगेच ग्रॅनाइट बसवण्याऐवजी किमान एक पावसाळा जाऊ द्यावा.

पाणी साचते का, हे सर्वांत महत्त्वाचे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पुराने नागपूरच्या सखल भागांत काय केले, ते सर्वांनी पाहिले आहे. सतत ओल्या, चिकट मातीत विघटनाची क्रिया मंदावते, म्हणून कौटुंबिक कबर पुन्हा उघडण्याचा काळही लांबतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९८ च्या एका टिपणात दफनभूमी पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान २५० मीटर दूर असावी, असे सुचवले आहे. खड्ड्याच्या तळाखाली भूजलापर्यंत किमान एक मीटर माती असावी, असेही त्यात म्हटले आहे. शहराबाहेर नवी जागा दाखवली जात असेल, तर आसपासच्या विहिरी आणि बोअरवेलची चौकशी करावी.

आणखी तीन साध्या गोष्टी पाहाव्यात. शवपेटी खांद्यावर घेऊन चार जण चालू शकतील एवढी वाट कबरीपर्यंत आहे का? आजीला व्हीलचेअरवरून कबरीपर्यंत नेता येईल का? कबरीला लागून मोठे झाड आहे का? झाडाची सावली हवीशी वाटते, पण मुळे बांधकाम फोडतात.

शवपेटीचाही विचार आत्ताच करावा. साधे लाकूड लवकर विरते; सनमायका लावलेले प्लायवूड किंवा धातूचे अस्तर वर्षानुवर्षे टिकते आणि कबर पुन्हा वापरताना अडचण होते. वसईतील काही चर्चनी शवपेटीऐवजी कापडात गुंडाळून दफन करण्याची पद्धत स्वीकारली, ती याच कारणाने.

हक्क कोणाकोणाला?

कुटुंबांत कटुता येते ती बहुतेक इथे. कौटुंबिक कबर म्हणजे कुटुंबातले नेमके कोण? लग्न होऊन गेलेली मुलगी? दुसऱ्या पंथाची सून? दुसऱ्या धर्माचा जावई? अविवाहित भाऊ? प्रत्येक चर्चचे नियम वेगळे असतात. त्यामुळे गृहीत न धरता लेखी विचारावे.

चर्चचे सदस्यत्व हा दुसरा मुद्दा. दफनाचा हक्क बहुधा सदस्यत्वाला जोडलेला असतो. कोणी कॅथोलिक चर्च सोडून दुसरीकडे जाऊ लागले, कोणी पुण्याला स्थायिक झाले आणि नोंदणी तिकडे नेली, तर नागपुरातला हक्क राहतो का? अलीकडे घरांत किंवा सभागृहांत प्रार्थना भरवणाऱ्या अनेक लहान मंडळ्या आहेत. त्यांच्याकडे स्वतःची दफनभूमी नसते. अशा मंडळीत जाणाऱ्यांनी ‘वेळ आली तर कुठे?’ हा प्रश्न आपल्या पाळकांना आजच विचारावा. प्रश्न विचारला म्हणून श्रद्धा कमी होत नाही.

खर्च कसा मोजावा?

एकच आकडा विचारू नये. खर्चाचे भाग वेगवेगळे असतात : जागेच्या हक्काचे शुल्क, खोदाई, बांधकामाची परवानगी, दगड आणि अक्षरे कोरणे, वार्षिक देखभाल आणि कौटुंबिक कबर असल्यास ती पुन्हा उघडण्याचे शुल्क. यातले एकदाच भरायचे कोणते आणि दरवर्षीचे कोणते, हे दरपत्रकावर पाहावे. दगडकाम बाहेरच्या कारागिराकडून करून घेता येते का, तेही विचारावे.

जीएसटीचे काय? केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीनुसार अंत्यविधी, दफन, दहन, शवागार आणि मृतदेहाची वाहतूक या सेवा जीएसटीच्या कक्षेबाहेर आहेत. खोदाईच्या किंवा शववाहिकेच्या बिलावर हा कर लावला असेल, तर कारण विचारता येते. ग्रॅनाइटसारख्या वस्तूंच्या खरेदीवर मात्र तो लागतो.

जागा परत केली तर पैसे परत मिळतात का, हेही आधीच विचारावे. बहुतेकांना हा प्रश्न सुचतो तो शहर सोडताना.

दुसरे पर्याय आहेत का?

आहेत आणि ते धर्माला सोडून नाहीत. कॅथोलिक चर्चने १९६३ मध्येच दहनाला मुभा दिली. २०१६ च्या व्हॅटिकनच्या मार्गदर्शनानुसार अस्थी-रक्षा घरात न ठेवता किंवा न उधळता पवित्र जागी ठेवाव्यात. म्हणजे दहन करून रक्षा चर्चच्या कोनाड्यात किंवा आजी-आजोबांच्याच कबरीत ठेवता येते. तशी सोय आपल्या चर्चमध्ये आहे का, हे विचारावे.

सर्वांत साधा पर्याय बहुतेक घरांत आधीच असतो आणि तो म्हणजे जुनी कौटुंबिक कबर. तिची पावती शोधा, क्रमांक नोंदवहीत तपासा, हक्कदारांची नावे अद्ययावत करून घ्या. नवी जागा शोधण्याची गरजच उरणार नाही.

ऐन वेळी कोणते कागद लागतात?

समजा, शनिवारी रात्री मेयो रुग्णालयात वडील गेले. एक मुलगा पुण्यात, मुलगी दुबईत. रविवारी दुपारी दफन करायचे ठरते. आईची कबर कोणत्या रांगेत, पावती कोणत्या फाइलमध्ये, चर्चच्या समितीतले कोणाला फोन करायचा, हे फक्त वडिलांनाच माहीत होते. बहुतेक घरांची हीच स्थिती असते.

मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र रुग्णालयात नमुना ४ वर आणि घरी मृत्यू झाल्यास डॉक्टरांकडून नमुना ४-अ वर मिळते. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. त्यानंतर विलंब शुल्क आणि वरची परवानगी लागते. अपघात किंवा संशयास्पद मृत्यू असेल तर पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदनानंतरच मृतदेह मिळतो. दफनानंतर चौकशीसाठी कबर उघडायची झाली, तर तो अधिकार दंडाधिकाऱ्यांचा आहे. कोणी परस्पर कबरीची नासधूस केली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०१ खाली तो गुन्हा असून एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

आपली इच्छा फक्त मृत्युपत्रात लिहून ठेवू नये. मृत्युपत्र बहुधा अंत्यविधी उरकल्यावर उघडले जाते. वेगळ्या कागदावर कबर क्रमांक, पावतीची प्रत, समितीचा संपर्क आणि दोन ओळींत आपली इच्छा लिहावी. त्याचा फोटो काढून घरातल्या तिघांना तरी व्हॉट्सअॅपवर पाठवावा.

पैसे भरण्याआधी हे विचारा

१. जमीन कोणाची आणि मला मिळणारा हक्क कोणता?

२. हक्काची मुदत किती, नूतनीकरण कसे?

३. पावतीवर आणि नोंदवहीत कबर क्रमांक आहे का?

४. कोणाकोणाला इथे दफन करता येईल?

५. सदस्यत्व बदलले किंवा शहर सोडले तर काय?

६. कबर पुन्हा कधी उघडता येते, कोणाला विचारून?

७. बांधकामाची उंची आणि दगड यांवर काय बंधने आहेत?

८. वार्षिक देखभाल किती आणि ती थकली तर काय होते?

९. पावसात पाणी साचते का?

१०. पैसे परत मिळतात का?

यातला आठवा प्रश्न बहुतेक जण विसरतात. कोणत्याही जुन्या दफनभूमीत फेरी मारली तर संगमरवरी, देखण्या कबरी झुडपांत हरवलेल्या दिसतात, कारण त्यांच्याकडे यायला कोणी उरलेले नसते. पुण्यातल्या खडकीचे युद्धस्मारक इतके नेटके दिसते, कारण ते सांभाळण्यासाठी राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोग ही कायमची संस्था आहे. आपल्या घरात अशी संस्था म्हणजे मुले आणि नातवंडे. ती नागपुरात राहणार नसतील, तर मोठ्या ग्रॅनाइटपेक्षा चांगल्या देखभालीच्या दफनभूमीतली साधी मातीची कबर अधिक काळ स्वच्छ राहील.

तेव्हा यंदा २ नोव्हेंबरला कोणी ‘‘माझ्यासाठी इथेच जागा बघून ठेवा’’ म्हणाले, तर विषय बदलू नका. ‘‘आजीच्या कबरीची पावती कुठे आहे?’’ एवढे विचारा. बोलणे तिथूनच सुरू होईल.